माल आपला, कागदावर नाव कोणाचे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्याच चपला झळकल्या आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. आमच्या कारागिरांचे नाव का घेतले नाही, असा सवाल सर्व थरांतून विचारला गेला आणि तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ ही या मानांकनाची नोंदणीधारक आहेत. अखेर कंपनीला या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य करावे लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने याच दोन महामंडळांशी करारही केला. हे चांगलेच झाले.

परंतु नावाचा प्रश्न फक्त मिलानच्या रंगमंचावर सुटत नसतो. तो उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदरावर, कंटेनरचे दार बंद होताना, एका साध्या कागदावर सुटतो किंवा कायमचा बिघडतो. माल पाठवणारा म्हणून त्या कागदावर कोणाचे नाव आहे? माल नेणारा म्हणून कोणी सही केली आहे? आणि माल परदेशात पोहोचल्यावर तो कोणाच्या हुकमाने सोडला जाणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला माहीत आहेत तो निर्यातदार. ज्याला माहीत नाहीत तो, कितीही सुंदर चप्पल बनवो, दुसऱ्याच्या निर्यातीचा मजूरच राहतो.

आज चर्मोद्योगातील, हातमागातील, मसाल्याच्या धंद्यातील आपले अनेक तरुण मोबाइलवर परदेशी गिऱ्हाईक मिळवू लागले आहेत. दुबईतून, जर्मनीतून, अमेरिकेतून विचारणा येते. माल तयार होतो. आणि मग प्रश्न येतो की, हा माल तिकडे पोहोचवायचा कोणाच्या हातून? इथे बहुतेकजण एकच चौकशी करतात, ती म्हणजे भाड्याची. चार जणांकडून दर मागवायचे आणि सर्वांत स्वस्त असेल त्याच्या हाती माल सोपवायचा. वकिली करताना आमच्याकडे जी भांडणे येतात, त्यातील बरीचशी याच एका चौकशीतून जन्मलेली असतात. म्हणून हा विषय आज सविस्तर मांडत आहोत.

कोण कोण असतो, हे आधी ओळखा

मालवाहतुकीच्या धंद्यात तीन निराळी माणसे असतात आणि नवखा माणूस तिघांनाही 'एजंट' म्हणतो. पहिला म्हणजे जहाज कंपनी. जहाज तिचे किंवा तिने भाड्याने घेतलेले असते. दुसरा म्हणजे सीएचए, ज्याला कायद्याच्या भाषेत आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४६ प्रमाणे आणि २०१८ च्या नियमावलीप्रमाणे त्याला परवाना असावा लागतो. तुमचे शिपिंग बिल सीमाशुल्क खात्यात दाखल करणे हे त्याचे काम. तिसरा म्हणजे फ्रेट फॉरवर्डर. तो जहाज कंपनीकडून जागा घेतो, अनेकांचा माल एकत्र करतो, ट्रकपासून परदेशातील गोदामापर्यंतची साखळी जुळवतो. छोट्या निर्यातदाराचा संबंध मुख्यतः या तिसऱ्याशीच येतो.

फॉरवर्डरचा धंदा करायला एक टेबल आणि एक फोन पुरतो, अशी स्थिती आहे. पण जो फॉरवर्डर 'तुमच्या दारातून माल उचलून परदेशातील गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवतो' असे एकाच कराराखाली सांगतो, त्याच्यासाठी देशात स्वतंत्र कायदा आहे. मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स अॅक्ट, १९९३. ट्रक आणि जहाज, किंवा ट्रक आणि विमान, अशा दोन किंवा अधिक साधनांनी भारतातून परदेशात माल नेण्याचा करार करणाऱ्याने मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे नोंदणी केलीच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. म्हणून पहिली अट हीच ठेवावी की, नोंदणी क्रमांक दाखवा आणि त्याची मुदत दाखवा. जो दाखवतो त्याच्याशी पुढचे बोलावे. जो 'साहेब, आमचे वीस वर्षांचे काम आहे, नोंदणीचे काय घेऊन बसलात' असे म्हणतो, त्याला नमस्कार करून उठावे.

या नोंदणीचा फायदा काय? फायदा हा की, माल ताब्यात घेतल्यापासून सुपूर्द करेपर्यंत त्याचे नुकसान झाले तर जबाबदारी त्या नोंदणीकृत वाहतूकदाराची. आपला दोष नव्हता हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. कोल्हापूरच्या ट्रकमध्ये भिजला की न्हावा शेवाच्या गोदामात की हॅम्बर्गच्या धक्क्यावर, हे शोधत तुम्हाला फिरावे लागत नाही.

सही 'वाहक' म्हणून की 'एजंट' म्हणून?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माल जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंग मिळते. व्यवहारात त्याला बीएल म्हणतात. जहाज कंपनी देते ते मास्टर बीएल, फॉरवर्डर देतो ते हाऊस बीएल. या कागदाच्या खाली उजव्या कोपऱ्यात सही असते आणि सहीखाली चारच शब्द असतात. ते चार शब्द आमच्या मते संपूर्ण कागदावरचे सर्वांत महत्त्वाचे शब्द होत. तिथे 'वाहक म्हणून' असे लिहिले असेल तर सही करणाऱ्याने जबाबदारी घेतली. 'वाहकाचा एजंट म्हणून' असे लिहिले असेल तर त्याने हात वर केले. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २३० प्रमाणे एजंट हा आपल्या मालकाच्या वतीने केलेल्या करारास सर्वसाधारणपणे व्यक्तिशः बांधील नसतो. अपवाद आहेत. मालकाचे नावच उघड केले नसेल, किंवा मालकावर दावा लावणे शक्य नसेल, तर एजंट बांधील धरला जाऊ शकतो. पण अपवादाच्या आधारावर कोर्टात वर्षानुवर्षे झगडण्यापेक्षा आधीच सही तपासणे शहाणपणाचे नाही काय?

याच कागदाच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरात अटी छापलेल्या असतात. त्यात एक अट असते की, वाद झाल्यास कुठल्या कोर्टात जायचे. जगातील बड्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर लंडन, हॅम्बर्ग, मार्सेल अशी गावे असतात. मिरजेच्या कारागिराने बारा लाखांच्या मालासाठी लंडनच्या हायकोर्टात जायचे, असा त्याचा अर्थ. याउलट भारतात नोंदणी असलेल्या फॉरवर्डरच्या हाऊस बीएलवर बहुधा मुंबईचे न्यायक्षेत्र असते. ज्याच्यावर आपल्या देशातील कोर्टात दावा लावता येतो, तोच आपला खरा भागीदार. भाडे दोन हजारांनी जास्त असले तरी चालेल.

'सही केली पण वाचली नव्हती' हे कोर्टात चालत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. या निर्यातदार कंपनीने तयार कपड्यांच्या मालाची कागदपत्रे जर्मनीला एका आंतरराष्ट्रीय कुरियरने पाठवली. ती वेळेवर पोहोचली नाहीत, हंगाम निघून गेला आणि गिऱ्हाइकाने पैसे कापले. राज्य आयोगाने चार लाखांवर भरपाई मंजूर केली होती. परंतु कुरियरच्या पावतीवर जबाबदारी शंभर डॉलरपुरतीच मर्यादित असल्याची छापील अट होती आणि पाठवणाऱ्याची सही होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अट बंधनकारक मानली. चार लाखांच्या जागी शंभर डॉलर! एका सहीची ही किंमत आहे.

'दोन पॅलेट' की 'पन्नास पेट्या'?

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या नुकसानीला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. दर पेटीमागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. त्याचा दर रोज बदलतो. आपण सोयीसाठी १२० रुपये धरू.

समजा, आपल्या एका उद्योजकाने एक हजार जोड चपला पाठवल्या. एका पेटीत वीस जोड, म्हणजे पन्नास पेट्या. पेटीचे वजन चौदा किलो, म्हणजे एकूण सातशे किलो. जोडाची किंमत बाराशे रुपये धरली तर बारा लाखांचा माल झाला. फॉरवर्डरने या पन्नास पेट्या दोन पॅलेटवर बांधल्या आणि बीएलवर फक्त 'दोन पॅलेट' असे लिहिले. माल पूर्ण बुडाला. आता कागदावर नग दोनच आहेत. दोन नगांचे होतात १,३३३ एसडीआर आणि सातशे किलोचे होतात १,४०० एसडीआर. जास्तीची रक्कम धरली तरी भरपाई जेमतेम १ लाख ६८ हजार रुपये. बाकीचे दहा लाखांवर समुद्रात गेले. पण त्याच कागदावर 'दोन पॅलेटवर बांधलेल्या पन्नास पेट्या' असे लिहिले असते तर? पन्नास नगांची मर्यादा ३३,३३३ एसडीआर, म्हणजे सुमारे चाळीस लाख रुपये. बारा लाखांचे संपूर्ण नुकसान त्या मर्यादेत सहज बसते.

माल तोच, जहाज तेच, भाडेही तेच. फरक फक्त एका ओळीचा! जो फॉरवर्डर ही ओळ न सांगता स्वतःहून बरोबर लिहितो, तो आपला धंदा जाणतो. जो 'असे लिहायची पद्धत नाही' म्हणतो, त्याला आपल्या हिताशी देणेघेणे नाही.

विमानाने पाठवल्यास हिशेब वेगळा. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे. मालाची विशेष किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरला तर ही मर्यादा ओलांडता येते.

मुदती भिंतीवर लिहून ठेवा

हक्क असूनही मुदत चुकल्यामुळे तो गेला, हे आम्ही कोर्टात फार वेळा पाहिले आहे. समुद्री वाहतुकीत वरवर न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल मिळाल्यापासून तीन दिवसांत द्यावी आणि दावा एका वर्षात लावावा. १९९३ च्या मल्टिमोडल कायद्याखाली सूचना सहा दिवसांत आणि दावा नऊ महिन्यांत. विमानमार्गे नुकसानीची तक्रार चौदा दिवसांत, उशिराची एकवीस दिवसांत आणि दावा दोन वर्षांत. २०२५ मध्ये संसदेने समुद्री मालवाहतुकीचा १९२५ चा आणि बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा असे दोन्ही जुने कायदे बाजूला सारण्यासाठी नवे कायदे संमत केले. तेव्हा करार करताना कुठला कायदा लागू होतो हे वकिलाकडून तपासून घ्यावे. पण एका वर्षाची शिस्त कोणीही विसरू नये.

उशिराबाबत आणखी एक गोष्ट. मल्टिमोडल कायद्यात उशिरासाठी भरपाई मिळते, पण कधी? 'हा माल अमुक तारखेच्या आत पोहोचणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे' अशी घोषणा माल पाठवणाऱ्याने केली असेल आणि वाहतूकदाराने ती स्वीकारली असेल, तरच. दिवाळीचा किंवा उन्हाळ्याच्या हंगामाचा माल पाठवताना ही घोषणा लेखी घ्यावी. जो ती स्वीकारायला तयार आहे, त्याच्या वेळेच्या शब्दाला काही अर्थ आहे.

फुकट भाड्याचे गौडबंगाल

छोट्या निर्यातदाराचा माल अख्खा कंटेनर भरत नाही. तो इतरांच्या मालाबरोबर जातो. याला एलसीएल म्हणतात. या धंद्यात कधीकधी भाडे आश्चर्यकारक स्वस्त सांगितले जाते, अगदी शून्यसुद्धा. नवखा माणूस खूश होतो. परंतु जगात कोणी कोणाचा माल फुकट नेत नाही. ते पैसे परदेशातील बंदरावर, गोदाम शुल्क, हाताळणी शुल्क, कागदपत्र शुल्क अशा नावांनी तुमच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होतात. गिऱ्हाईक चिडते, माल सोडवत नाही, गोदामभाडे चढत जाते आणि पहिलीच ऑर्डर शेवटची ठरते. म्हणून दरपत्रक मागताना दोन्ही टोकांचा संपूर्ण खर्च लेखी मागावा.

वजनाचेही तसेच. हलक्या पण मोठ्या पेटीचे वजन तराजूवर नव्हे, आकारावरून धरतात. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची पेटी घ्या. गुणाकार ९६ हजार. विमान वाहतुकीत त्याला सहा हजाराने भागतात, म्हणजे सोळा किलो. बऱ्याच कुरियर कंपन्या पाच हजाराने भागतात, म्हणजे १९.२ किलो. तराजूवर मात्र ती चौदाच किलो! पेटीचा आकार थोडा कमी केला तर भाडे कमी होते. चांगला फॉरवर्डर हे माल बांधण्याआधी सांगतो.

चामड्याच्या मालाची आणखी एक बाजू आहे. पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरमध्ये दमटपणा साचून बुरशी धरते. ती टाळायला पूर्वी काही ठिकाणी डायमिथाइल फ्युमरेट या रसायनाच्या पुड्या टाकत. त्याने माणसांच्या कातडीला इजा होते म्हणून युरोपीय संघाने २००९ मध्ये असा माल बाजारात आणण्यास बंदी घातली. साध्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात. लाकडी पॅलेट वापरले तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. नाहीतर परदेशी बंदरावर माल अडतो. 'चामड्याचा माल यापूर्वी कुठे पाठवला आहे?' हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

मूळ बीएल म्हणजे मालाची किल्ली

एक प्रकरण सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका छोट्या उद्योजकाने आखातातील गिऱ्हाइकाला माल पाठवला होता. व्यवहार एफओबी पद्धतीचा, म्हणजे पुढचे भाडे गिऱ्हाइकाचे. त्यामुळे फॉरवर्डरही गिऱ्हाइकानेच सुचवलेला. माल चढल्यावर फॉरवर्डरच्या माणसाने काही कागद पुढे केले आणि 'इथे इथे सही करा' म्हटले. त्यात एक कागद मूळ बीएल परत सोपवल्याचा होता. त्या सहीनंतर परदेशात मूळ कागद दाखवण्याची गरजच उरली नाही. गिऱ्हाइकाने माल उचलला. पैसे देण्याचा वायदा आज-उद्यावर गेला आणि मग फोन बंद झाला. फॉरवर्डरने 'आम्ही केवळ एजंट' असा पवित्रा घेतला. हे उद्योजक आमच्याकडे आले तेव्हा नऊ महिने उलटून गेले होते. घरातील दागिने मोडून कातडे घेतलेले होते. पत्नी आणि भाऊ यांच्या सहा महिन्यांच्या श्रमाचा मोबदला त्या कागदात गेला. लढाई आम्ही लढलो, पण मुदत आणि सही दोन्ही विरोधात असताना हाती फार थोडे लागले.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, पैसे मिळेपर्यंत मूळ बीएल हातातून सोडू नये. ते बँकेमार्फत पाठवावे आणि 'आदेशानुसार' या पद्धतीचे घ्यावे. विमानाने पाठवताना लक्षात ठेवा की, एअर वेबिल हा मालकीचा कागद नव्हे. तिथे ज्याचे नाव घेणारा म्हणून लिहिले त्यालाच माल मिळतो. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घ्यावेत, किंवा परदेशी बँकेची संमती घेऊन तिचे नाव घालावे. शक्यतो फॉरवर्डर आपण निवडावा. भाडे गिऱ्हाइकाने द्यायचे असले तरी हा आग्रह धरता येतो. गिऱ्हाईक पैसे बुडवील ही भीती असेल तर १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा आहे.

ईसीजीसीचा विमा पैशाचा. मालाचा विमा वेगळा, आणि तो आपल्या नावाने स्वतंत्र घ्यावा. फॉरवर्डरच्या विम्यावर विसंबू नये. 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए' हे सर्वांत व्यापक संरक्षण आहे. तरीही सागरी विमा कायदा १९६३ च्या कलम ५५ प्रमाणे निव्वळ उशीर आणि मालाचा अंगभूत दोष यांची भरपाई सर्वसाधारणपणे मिळत नाही. ओलसर कातड्याला बुरशी लागली तर विमा कंपनी याच कलमाकडे बोट दाखवते.

संकटात कळतो सोबती

समुद्र हा समुद्र आहे. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस हांजिन ही कोरियन जहाज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जगभरचा माल भर समुद्रात अडकला. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले. त्यानंतर 'जनरल अॅव्हरेज' जाहीर झाले. म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात प्रत्येक मालधन्याला वाटा उचलावा लागला. ज्यांचा विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपन्यांनी हमी दिली. ज्यांचा नव्हता त्यांना आपला माल सोडवण्यासाठी आधी अनामत भरणे आले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. मे २०२५ मध्ये तर आपल्याच केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. पुढच्याच महिन्यात कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या वान हाय ५०३ या जहाजाला आग लागली.

अशा वेळी छोट्या माणसाचा फोन कोण उचलतो? बड्या कंपनीच्या संगणकावर तुमच्या पन्नास पेट्या म्हणजे एक क्रमांक असतो. म्हणून निवड करताना कचेरीत स्वतः जाऊन, गेल्या वर्षभरात अडकलेल्या मालाचे त्यांनी काय केले ते विचारावे. त्यांच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोलावे. परदेशातील त्यांच्या प्रतिनिधीचे नाव व पत्ता लेखी घ्यावा.

स्वतःचे नाव, स्वतःचा हक्क

अनेक कारागीर अजूनही व्यापाऱ्याला माल देतात आणि व्यापारी तो आपल्या नावाने निर्यात करतो. शिपिंग बिलावर ज्याचे नाव, ड्यूटी ड्रॉबॅक आणि २०२१ पासून लागू झालेल्या रोडटेप योजनेचा लाभ त्यालाच. निर्यातीचा अनुभवही त्याच्याच खात्यावर जमा होतो. आयात-निर्यात कोड क्रमांक काढायला सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. पाचशे रुपयांअभावी आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावाने माल विकायचा काय? तेव्हा फॉरवर्डरला सांगावे की, पाठवणारा म्हणून नाव आमचे, आमच्या कोडवर, आमच्या संस्थेचे. आणि माल गेल्यावर जहाजाच्या निर्यात नोंदीत आपले शिपिंग बिल बरोबर आले की नाही हे विचारावे. तिथे चूक राहिली तर परताव्याचे पैसे अडकतात.

ज्यांचा माल दहा-वीस जोडांचाच आहे त्यांनी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रेही पाहावीत. मात्र परदेशातील आयातशुल्क कोण भरणार हे तिथेही आधी ठरवावे. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी थांबवली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला काही आठवडे तिकडची बहुतेक पार्सले बंद ठेवावी लागली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, ती शुल्क इथेच आधी वसूल करण्याच्या पद्धतीने. गिऱ्हाइकाच्या दारात अचानक शुल्काची मागणी गेली तर पार्सल परत येते, हा धडा लक्षात ठेवावा.

आमची शेवटची सूचना ही की, हे काम एकट्याने करू नये. एका गावातील, एका तालुक्यातील दहा उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच फॉरवर्डरशी वर्षाचा लेखी करार करावा. पन्नास पेट्यांच्या मालकाला कोणी विचारत नाही. पाचशे पेट्यांच्या मालकांपुढे खुर्ची ओढली जाते. त्या करारात नोंदणी क्रमांक, वाहक म्हणून सही, पेट्यांची मोजणी, दोन्ही टोकांचा खर्च, भारतातील न्यायक्षेत्र आणि मूळ कागद आपल्याकडे, या सहा गोष्टी असल्याच पाहिजेत. आपल्या भागातील एखाद्या वकिलाला बसवून तो कागद एकदा वाचून घ्यावा. आपल्या समाजात आता वकिलांची वाण नाही. समाजाच्या कारागिरासाठी एक संध्याकाळ द्यायला त्यांनी नकार देऊ नये.

ज्या हातांनी कातडे कमावले, शिवले आणि जगाच्या पायात घातले, त्या हातांनी आता कागदही वाचला पाहिजे. पुढच्या वेळी कंटेनरचे दार बंद होईल तेव्हा शिपिंग बिलावर आणि बीएलवर पाठवणाऱ्याचे नाव वाचा. ते आपलेच असले पाहिजे.